माहूरची दोन टीबीची डबी

प्रिय नासिर,

कागद फेकू नको. अक्षर बघून तुला कळलंच असंल कुणाचं हाय, आन् तू फेकायच्या तयारीतच असशील. पर मी हातात पेन धरून बसलोय ही गोष्टच अशी हाय की तू थोडं थांबायला पाहिजे. दहावीला मी एवढं लिहिलं नव्हतं. तू दुसरा रस्ता ठेवलास कुठं? मला ब्लॉक केलास. आईच्या फोनवरून लावला तर तिलाबी ब्लॉक. मग वजिराबादच्या ज्यूसवाल्याचा फोन मागून लावला, तर माझं नुसतं हॅलो ऐकून ठेवून दिलास आन् त्यालाबी ब्लॉक केलास. त्या माणसानं तुझं काय घोडं मारलं होतं? तुझ्या अम्मीकडं गेलो तर हुसेनबी चाची म्हणती, तुमचं तुम्ही बघा, मी मधी पडणार न्हाई, चहा पी आन् जा. लई वैताग दिलाय तुम्ही मायलेकानं.

इकडची खबर सांगतो. स्टुडिओत तुझ्या खुर्चीवर आता मी बसून राहिलो. एडिटिंग मीच करतो, म्हणजे नवरदेवाच्या डोक्यावरून गुलाब फिरवणं तेवढं जमतंय. कामाचा तरास न्हाई, तरास गिऱ्हाइकाचा हाय. जो येतो त्याला मेमरीचं कायतरी दुखत असतंय. परवा एक मामा आले, फोन पुढं ठेवला, म्हणले ह्याची मेमरी भरली, थोडी काढून घे, पर नातीचे फोटो सोडून. म्हणलं मामा, बाकीचं काय काढू? म्हणले, ते तू बघ, मशीनवर तू बसलास. दुसऱ्यानं कॉम्प्युटरची रॅम वाढवून नेली आन् भांडायला वापस आला, की अजून पिक्चर मावना. मग मी तू शिकवलेलंच माझ्या भाषेत सांगतो. रॅम म्हणजे आठवडी बाजारातली ताडपत्री. दिवसभर त्याच्यावर माल मांडायचा, हाताला लागंल तसा उचलायचा, दिवस बुडाला की झटकून गुंडाळायची. लाईट गेली की रॅम साफ. आन् हार्डडिस म्हणजे गोदाम. तिथं ठेवलेलं लाईट गेली तरी जागेवर राहतंय. ताडपत्री मोठी घेतली म्हणून गोदाम मोठं होत न्हाई. एवढं घसा फोडून सांगितलं की मामा मान हलवतात, हाव हाव म्हणतात, आन् फोन परत माझ्याकडं सरकवून म्हणतात, बरं, मग थोडी काढून घे.

पर ह्या सगळ्यांच्या वरताण माझा बाप हाय. अण्णांना तू माझ्यापेक्षा जास्त ओळखतोस. रोलच्या जमान्यातला माणूस. रोल धुतला, दोरीला लटकवला, उजेडात धरला की नवरी दिसायची, संपलं. आता सगळं त्या बारीक कार्डात जातंय आन् कार्ड उजेडात धरलं तर काय बी दिसत न्हाई, ह्याचा त्यांना आतून राग हाय. म्हणून ते वजनावर जातात. कॉम्प्युटर हँग झाला की म्हणणार, लई लग्नं भरली रे ह्याच्यात, जड झालाय. तू किती बार सांगितलंस, काका, कार्डात बारीक बारीक खोल्या असतात, खोलीत वीज कोंडली की एक, न्हाई कोंडली की शून्य, फोटो म्हणजे निस्ती ह्या एक-शून्याची रांग, त्याला वजन नसतंय. अण्णांनी ऐकून घेतलं आन् विचारलं, मग खोल्या भरल्यावर जड का लागणार न्हाई? तू डोकं धरून बसलेलास. मला आजबी आठवतंय, कारण मी त्याचा व्हिडिओ काढला होता.

त्यात गेल्या नवरात्रात अण्णा माहूरला गेले. रेणुकाआईचं दर्शन घेऊन गडावरून खाली आले. तिथं नारळ, कुंकू, हिरव्या बांगड्या अशा दुकानांच्या मधी एक माणूस चार्जर, हेडफोन मांडून बसलेला. त्याच्याजवळ ही काळी चकचकीत डबी, साबणाच्या वडीएवढी, वर सोनेरी अक्षरात दोन टीबी, म्हणजे खिशातलं गोदामच. अण्णांनी काय केलं मालूम हाय? तळहातावर घेऊन तोलली. बाजारात वांगी तोलतात तशी. जड लागली. खूष. घरी आणल्यावर तू एकदाच म्हणलास, काका, एवढ्या स्वस्तात एवढी जागा येत न्हाई, आपण तपासून घेऊ. अण्णा म्हणले, आईच्या दारातून आणलेली वस्तू तपासायची असती का रे? त्याच्यावर तू काय बोलणार होतास. मी बोललो असतो तर शिव्या खाऊन मोकळा झालो असतो, तुला तेबी करता येत नव्हतं, हे मला तवाच कळलं होतं. खंडेनवमीला दोन्ही कॅमेरे, ट्रायपॉड, फोकसचे दिवे, कॉम्प्युटर सगळं मांडलं, झेंडूच्या माळा दरवर्षीसारख्या तूच बांधल्यास, आन् मधोमध पाटावर कोण, तर डबी. हळद, कुंकू, वर फूल. तिची पिन घालायची जागासुद्धा कुंकवानं बुजली, ती मी टाचणीनं साफ केली. तवापासून कायदा झाला की मोठ्या पार्टीचं काम आईच्या डबीत, बाकी फुटकळ जुन्या हार्डडिसवर.

आन् मोठी पार्टी कोण आली, तर देगलूरचे वीरण्णा आडतवाले. त्यांच्या मंजुश्रीचं लग्न. त्या मांडवात मराठी, कानडी, तेलगू सगळं एकदमच चालू होतं, आन् तू तिन्हीत लोकांना सरका सरका म्हणत अक्षदा कॅमेऱ्यात धरल्यास. कॅमेऱ्यावरचा लाल टिपका पेटलेला मी माझ्या डोळ्यानं बघितला. संध्याकाळी नांदेडला आलो. अण्णांनी तुझ्या हातातून कार्ड घेतलं, म्हणले मी टाकतो, मोठं काम हाय. डबीत कॉपी केलं. शेवटची फाईल उघडून बघितली, पाठवणी छान चालत होती, मंजुश्री रडत होती. अण्णा म्हणले झालं, कार्ड फॉरमॅट मारलं, दुसऱ्या दिवशी इथंच सिडकोत साखरपुडा होता म्हणून कॅमेऱ्यात घातलं, आन् डबी देवघरात ठेवली. साखरपुडा झाल्यावर पिक्चर बनवायला डबी काढली तर हळद दिसती, बांगड्या भरणं दिसतंय, आन् पुढं फाईलींची नावं हायत, नावापुढं साईज हाय, उघडायला गेलं की काळं. अक्षदा न्हाई. पाठवणी न्हाई. जी अण्णांनी स्वतः बघितली होती तीबी न्हाई.

त्यानंतरचं तुला काय सांगायचं. पर मला लिहू दे, कारण तवा मला कुणी बोलू दिलं न्हाई. वीरण्णा दुकानात उभे. त्यांच्या आई, शांतम्मा, कंबर मोडून खाटेवर, मांडवात येता आलं नव्हतं, आन् रोज विचारत होत्या की माझ्या नातीच्या अक्षदा कधी दावता. वीरण्णांपुढं अण्णांनी तोंड उघडलं. म्हणले, ह्या पोरानं चालू कॅमेऱ्यातून कार्ड उपटलं असंल, म्हणून आतून सडत गेलं. आंब्यासारखं म्हणे, वरून चांगलं दिसलं आन् आतून सडलं. मी म्हणलं, अण्णा, फाईल सडत नसती. अण्णा म्हणले, तू गप. तुझं खरं कोण मानतं? आन् खरंच कुणी मानलं न्हाई, कारण ज्यानं सोसायटीच्या चेअरमनच्या पोराच्या मुंजीच्या व्हिडिओत रेडकू घातलं त्याची साक्ष कोण घेणार. तू कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यातून काढलास, बॅटरी टेबलावर ठेवलीस आन् गेलास. अण्णांनी ते कार्डबी रागानं स्क्रूच्या डब्यात फेकलं, की अपशकुनी हाय, परत वापरायचं न्हाई. मग देगलूरपासून नांदेडपर्यंत जो तो म्हणायला लागला, अक्षदा बुडवणारा पोरगा. चाची नळावर गेली तरी बाया विचारायच्या. मग तू लातूरला, त्या क्लासमधी सरांची लेक्चरं शूट करायला. फळा कुठं पळून जात न्हाई, चांगलं हाय.

आता ऐक, आन् पहिलं हसून घे. अक्षय तृतीयेला कंधारची एक मोठी पार्टी ठरलेली. अण्णांनी देवघरातून डबी काढून मला दिली, म्हणले ह्याच्यात जागा कर. मला दुसरंच सुचलं. मांडवात खुर्चीवर तोंड उघडं टाकून घोरणारे अण्णा, असा एक व्हिडिओ माझ्याकडं होता. त्याला मागून सनई लावली. म्हणलं हा डबीत टाकावा, पार्टी सँपल बघायला आली की मोठ्या टीव्हीवर लावावा. कॉपी केला, लावून बघितला, एक नंबर चालला. डबी काढून टीव्हीला लावली. नाव हाय, साईज हाय, अण्णा न्हाईत. परत कॉम्प्युटरला लावली, तिथंबी काळं. परत कॉपी केला, चालला. काढून लावला, काळं. मी येड्यासारखा तेच करत राहिलो, आन् मग माझ्या टाळक्यात ट्यूब पेटली. नासऱ्या, त्यो व्हिडिओ डबीतून चालतच नव्हता. आत्ताच कॉपी केलेला माल कॉम्प्युटरच्या ताडपत्रीवर तसाच पडलेला असतोय. मागितला की त्यो तिथनंच उचलून देतो, गोदामापर्यंत कशाला जाईल? अण्णांनी त्या संध्याकाळी जी पाठवणी बघितली ती ताडपत्रीवरची होती. गोदामात ती कधी पोचलीच न्हाई.

मग मी डबीची परीक्षाच घेतली. माझे पाटी धरलेले फोटो काढले, दर पाटीवर वेगळा आकडा, आन् भरत गेलो. डबी सगळ्याला हाव म्हणायची, जागा अजून लई हाय म्हणायची. काढून लावली की एकबी फोटो उघडंना. स्वयंपाकघरातली सुरी घेतली आन् डबी फोडली. आत काय असावं? नखाएवढं एक कार्ड, डिंकानं चिटकवलेलं, मोबाईलात घालतात तसलं. त्याला कुणीतरी खोटं बोलायला शिकवलेलं, की कॉम्प्युटरनं विचारलं तर दोन टीबी सांगायचं. खरी जागा लई थोडी. ती देगलूरच्या हळदीत आन् बांगड्या भरण्यातच भरून गेली, पुढचं सगळं ते घेतल्यासारखं करून सोडून देत राहिलं. नाव लिहून घ्यायचं, माल फेकून द्यायचा. आन् कार्डाच्या शेजारी डिंकात बसवलेला एक लोखंडी नट. गंजका. वजनासाठी. मी पहिलं पोट धरून हसलो, मग माझं हसू गेलं. कुणीतरी, कुठंतरी, माझ्या बापाचा तळहात डोळ्यापुढं ठेवून त्यो नट निवडला होता.

अण्णांपुढं सगळं मांडलं. त्यांनी नट उचलला, चष्म्याजवळ नेला, आन् म्हणले, हा तूच चिटकवलास. तू मला काय समजलास? मी म्हणलं अण्णा, मी कशाला. म्हणले, तुला त्या नासिरला वापस आणायचंय म्हणून हे नाटक. मी रेणुकाआईची शपथ घेतली. म्हणले, तू माझ्या मरणाची खोटी शपथ घेऊन शाळा बुडवली हायस. आता सांग, ह्या माणसाचं काय करायचं? आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलून राहिलो तर हे हाल. मला तर वाटलं त्यो नट गिळून टाकावा.

मग मला ते स्क्रूच्या डब्यातलं कार्ड आठवलं. तू सांगितलेलंच, फॉरमॅट मारलं म्हणजे गाव पुसलं जात न्हाई, निस्ती फाट्यावरची पाटी काढली जाती. रस्ता सापडत न्हाई, गाव तिथंच. ते पुसलं कधी जातंय, त्या जागेवर दुसऱ्यानं घर बांधलं तर. आन् त्या जागेवर बांधलं कोणी? निस्ता सिडकोचा साखरपुडा, त्योबी कार्डाच्या सुरुवातीलाच. त्यानं तुझी हळद गिळली, आन् हळद तर डबीत शाबूत होती. मागचं सगळं रिकामं पडलेलं, कारण अण्णांनी रागानं फेकल्यामुळं त्या कार्डाला नंतर कुणी हातच लावला न्हाई. त्यांच्या रागाचा आजवर झालेला हा एकच फायदा. गेलेलं शोधायचं सॉफ्टवेअर लावलं. ते कार्डातली खोली न् खोली वाचत बसतं, पाटी असो नसो. एक दुपार गेली त्यात. तुकड्या तुकड्यानं यायला लागलं, आन् मग एकदम वाजंत्री.

अण्णांना बोलावलं. उभ्यानंच बघत होते, हात मागं बांधून. मंजुश्री, आंतरपाट, वीरण्णांचा घामाघूम चेहरा, सगळं नितळ, एक फ्रेम तुटलेली न्हाई. तुझा आवाज ऐकू येतो, चाचा, थोडं बाजू, अक्षदा पडून राहिल्या. आन् कोपऱ्यात फोकस धरून स्वतः अण्णा उभे, तुझ्याकडं बघून मान हलवून राहिले, की बरोबर घेतोस, घे. ते बघितल्यावर अण्णांनी एवढंच विचारलं, हे त्याच कार्डातलं? मी म्हणलं हाव. म्हणले परत लाव. परत लावलं. मग बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं आन् किती तरी वेळ तिथंच वाकून राहिले. मला बोलायला लई होतं, सगळं साठवून ठेवलेलं. आन् मी जाऊन निस्ता टॉवेल पुढं धरला, ह्याचाबी मला वैतागच आला.

दुसऱ्या दिवशी मला गाडी काढायला लावली आन् आम्ही देगलूरला गेलो. शांतम्माच्या खाटेपुढं टीव्ही ओढला. म्हातारीनं पूर्ण बघितलं, मधी उठून जाणाऱ्या सुनेला दोनदा खाली बसवलं, कोण मांडवात उशिरा आलं ते नावासकट सांगितलं, आन् शेवटी कानडीत छलो आयतू म्हणाली, म्हणजे बरं झालं. वीरण्णांनी विचारलं, हे काढणारा पोरगा कुठं हाय? मला वाटलं अण्णा आता मशीनवर ढकलतील. ते म्हणले, लातूरला हाय. मग पान घेता घेता थांबले आन् म्हणले, माझ्यामुळं गेला. त्याची काय चूक नव्हती, डबी मी आणली होती. तिथं आडतीवरची माणसं बसलेली, सगळ्यांनी ऐकलं. पर वापस येताना मला गाडी हळू चालव म्हणून शिव्याच दिल्या. जिथं बोलायचं तिथं सोडून देगलूरला बोलून आले. असल्या माणसाबरोबर तू एवढी वर्षं काम कसं केलंस, मला कळत न्हाई.

तू वापस ये म्हणून मी हे लिहीत न्हाई. लातूरचं काम मानवत असंल तर तिथंच राहा, आम्हाला शिव्या दे, तुझा हक्क हाय. लिहायचं कारण दुसरं हाय. हा कागद तुला टपालवाल्यानं दिला न्हाई, हे तुझ्या ध्यानात आलंच असंल. अण्णांना मी सांगितलंय की पाकिटात सॉफ्टवेअरची माहिती हाय, नासिरनं मागितली, तेवढी देऊन या. त्यांनी आईला सांगितलंय, लातूरला लेन्स दाखवायला चाललो. लेन्सला काय बी झालं न्हाई. आम्ही तिघंबी एकमेकाला थापा मारून राहिलो आन् तिघांनाबी सगळं मालूम हाय. तू पहिली ओळ वाचायला लागलास तवापासून ते तुझ्या दारात उभे असतील, लेन्सची पिशवी छातीशी धरून. माफी मागायला आलेत, पर त्यांना ती मागता येत न्हाई, कधी मागितलीच न्हाई. ते पहिलं तुझ्यावरच डाफरतील, की वाळलास किती, की खोलीत हवा येत न्हाई, की असला कसला ट्रायपॉड ठेवलास. त्याच्यावर जाऊ नको. हे लिहीपर्यंत त्यांनी पोटात काय बी टाकलेलं न्हाई, आई डबा घेऊन मागं फिरून राहिली. आता कागद खाली ठेव आन् त्यांनी तोंड उघडायच्या आत तूच विचार, काका, जेवलात का?

तुझाच,
सत्यम